सुट्टीत ज्वालामुखीचं बेट बघायचंय: एटना, स्ट्रॉम्बोली का सँटोरिनी? सासूबाई आणि दोन मुलं बरोबर आहेत

अनगोळची_सून

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते, मदत करा. आमच्या मोठ्यानं शाळेत ज्वालामुखीचा प्रोजेक्ट केला तेव्हापासनं त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही, जेवताना पण एटनातनं काल धूर आला का हेच विचारतोय, आणि आता त्याचे बाबा पण त्यात शिरलेत, बापलेक रोज रात्री नकाशा घेऊन बसूलेत. तर ठरलंय असं की यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत भूमध्य समुद्रातल्या एखाद्या ज्वालामुखीच्या बेटावर जायचं. इकडं कर्नाटकात एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासनं मे अखेरपर्यंत शाळा बंद असतात त्यामुळं त्यातलेच दहा-बारा दिवस. पैसे बरीच वर्षं बाजूला टाकत आलोय, त्यामुळं घाईघाईत दहा ठिकाणं उरकायची नाहीत, जे बघू ते नीट बघायचंय.

आम्ही दोघं, दहा आणि सात वर्षांची मुलं आणि सासूबाई. सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे, पण हौस आमच्यापेक्षा जास्त. सौंदत्तीला यल्लम्माच्या रांगेत तास तास उभ्या राहतात तेव्हा गुडघ्याचं नाव काढत नाहीत. पूर्ण शाकाहारी, अंडं पण नाही. त्यांना घरी ठेवून जायचं नाही हे पक्कं आहे, त्यांनी पण धुराचा डोंगर बघावा अशी माझी फार इच्छा आहे.

मुलगा म्हणतोय एटना आणि स्ट्रॉम्बोली दोन्ही. दीर म्हणतात एकाच समुद्रात आहे तर सँटोरिनी पण करून टाका. माझी भीती अशी की २०२५ च्या जूनमध्ये एटनावरनं लोक पळत खाली येतानाचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय, माझ्या आईनं तर तेव्हापासनं नाहीच म्हणून धरलंय. मुलांना घेऊन जाण्यासारखं आहे का? सासूबाईंना कुठपर्यंत नेता येईल? आणि त्या खातील काय? कुणी घरच्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलं असेल तर त्यांनी जरूर लिहा.

खानापूरचा_प्रवासी

ताई, पहिलं म्हणजे दिरांना सांगा की समुद्र एक असला तरी एटना ज्या बेटावर आहे ते सिसिली इटलीत आणि सँटोरिनी ग्रीसमध्ये, मधे विमानं बदलत अख्खा दिवस जातो आणि म्हातारं माणूस बरोबर असलं की दुसरा दिवस पण त्यातच जातो. एक बेट धरा. मुलाला एटनाचं वेड आहे ना, मग सिसिलीच, आणि ती पण अख्खी नको, फक्त पूर्वेची बाजू. भूमध्यातलं सगळ्यात मोठं बेट आहे ते, आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या जवळजवळ दुप्पट.

आम्ही आई-बाबांना घेऊन गेलो होतो, मुक्काम सगळा कातानिया शहरात ठेवला, रोज सकाळी निघायचं आणि संध्याकाळी परत त्याच खोलीवर यायचं. रोज बॅगा भरायच्या नाहीत, आईची औषधं, चहाचं सामान सगळं एका जागी. शहर स्वतःच लाव्ह्याचं आहे बघा, रस्त्याच्या फरशा काळ्या, भिंती काळ्या, चौकात हत्तीचा पुतळा आहे तो पण काळ्या लाव्ह्याच्या दगडाचा (आई त्याला बघून पटकन हात जोडून मोकळी झाली). व्हिया एटनेआ म्हणून सरळ रेषेत जाणारा मोठा रस्ता आहे, त्याच्या टोकाला समोर डोंगर. सकाळी खाली उतरून त्या रस्त्यावर उभं राहिलं की कळतं आज वर ढग आहे का मोकळं आहे.

आणि तेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. एटनासाठी तारीख ठरवून एकच दिवस धरू नका. वारा वाढला की रोपवे बंद, ढग उतरला की हातभर अंतरावरचं दिसत नाही, डोंगरानं धूर-राख जास्त काढली की वरचे रस्ते बंद. दोन-तीन दिवस असे ठेवा की ज्या दिवशी डोंगर मोकळा दिसेल त्या दिवशी निघायचं आणि बाकीच्या दिवशी खालची ठिकाणं करायची. टूरवाल्यांच्या पॅकेजमध्ये हे जमत नाही, म्हणून म्हणतो स्वतः जावा.

वर जायचं म्हणजे असं: कातानियातनं सकाळी सरकारी बस जाते रिफुजिओ सापिएन्झाला, उंची साधारण १९०० मीटर, दिवसाला एकच फेरी असते त्यामुळं वेळेआधी जाऊन उभं राहायचं. तिथं गाड्यातळ, हॉटेलं, संडास सगळं आहे. तिथनं रोपवे २५०० मीटरपर्यंत आणि पुढं मोठ्या चाकांच्या जीपबस २९०० च्या आसपास, त्या चालू असल्या तर. सासूबाईंसाठी वर जायची गरजच नाही ओ. बसतळाच्या अगदी शेजारी सिल्वेस्त्रीची विवरं आहेत, १८९२ च्या उद्रेकात तयार झालेली, खालच्या विवराच्या कडेला सपाट वाटेनं रमत रमत जाता येतं. तांबडी, काळी, करडी माती, मधे खोल वाटी, आणि वर बघितलं की धूर. आई तिथंच राहिली, बाबा आमच्याबरोबर वर आले. वर गाईडनं बुटाच्या टाचेनं वरची खडी जरा बाजूला सारली आणि बाबांना म्हणाला हात लावा. खालची खडी चांगलीच गरम, आणि आमच्या तोंडातनं थंडीनं वाफ निघत होती. बाबा बराच वेळ हात काढेनात.

बीपी असेल तर रोपवेनं वर जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचाराच. २५०० मीटरला पटकन पोचल्यावर दम लागतो.

दगड_मास्तर

निपाणीचा. बरीच वर्षं मुलांना भूगोल शिकवला त्यामुळं राहवत नाही. तुमच्या मुलाला माझ्यातर्फे शाबासकी द्या.

आधी भीतीचं बोलू. २ जून २०२५ ला आग्नेय विवराचा एक भाग ढासळला आणि त्यातनं गरम राख-दगड-वायूचा लोट खाली सुटला. दिसायला भयंकर होतं, पण तो लोट डोंगरावरच्या निर्मनुष्य दरीत गेला आणि कुणाला इजा झाली नाही. एटनावर चोवीस तास लक्ष ठेवणारी वेधशाळा कातानियातच आहे, जमिनीची थरथर, वायू, डोंगर किती फुगला हे सगळं मोजलं जातं आणि त्यावरनं वर कुठपर्यंत जायला परवानगी ते ठरतं. ती रेषा रोज बदलू शकते. अधिकाऱ्यांनी किंवा गाईडनं इथपर्यंत म्हटलं की इथपर्यंत, त्यापुढं मुलानं कितीही हट्ट केला तरी नाही, एवढं पाळलं की बिनधास्त जावा. डोंगर युरोपातला सगळ्यात उंच जागता ज्वालामुखी आहे, ३४०० मीटरच्या आसपास, पण उंची कायम नाही, विवरं भर टाकतात, ढासळतात, तसं माप बदलतं. २०१३ साली युनेस्कोच्या यादीत गेला.

आता मुलासाठी. निघायच्या आधी एक रविवार त्याला जांबोटीच्या रस्त्याला न्या. रस्ता कापलाय तिथं लाल जांभा दिसतो. आपण बेळगावकर दख्खनच्या लाव्ह्याच्या दक्षिण कडेवर राहतोय, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यावर लाखो वर्षं पाऊस पडून वरचा दगड कुजला आणि हा जांभा झाला. पूर्वेला बैलहोंगलकडं गेलं की काळी रानं लागतात, ती मातीही बऱ्याच ठिकाणी त्याच काळ्या दगडाची. म्हणजे पोरगं जन्मल्यापासनं लाव्ह्याच्याच मुलखात खेळतंय. फरक एवढाच की आपल्याकडं शंकूसारखा डोंगर नव्हता, जमिनीला लांब भेगा पडून त्यातनं थरावर थर पसरले. एटना वयानं साधारण पाच लाख वर्षांचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढं तान्हं बाळ. इथं म्हातारा दगड बघून गेला की तिथला ताजा दगड त्याला वेगळाच दिसेल.

एटनाच्या उतारावर वेगवेगळ्या सालांचे लाव्हा शेजारी शेजारी आहेत. २००१ चा बघा, काळाकुट्ट, धारदार, हात ठेवला तर कापेल. त्याच्यापेक्षा जुन्यावर करडं दगडफूल आलेलं असतं, अजून जुन्यावर पिवळ्या फुलांची झुडपं, आणि १६६९ च्या लाव्ह्यावर तर निवडुंग आणि घरं. त्या १६६९ च्या उद्रेकाची खूण शहरातच आहे. उर्सिनो नावाचा किल्ला आहे, तेराव्या शतकातला, बांधला तेव्हा समुद्राच्या काठावर होता. लाव्हा आला, किल्ल्याला वळसा घालून समुद्रात घुसला आणि किनाराच पुढं सरकला. आज किल्ल्याजवळ उभं राहिलं तर समुद्र दिसत नाही. मुलाला तिथं नुसतं उभं करा आणि विचारा समुद्र कुठं गेला.

ढगाच्या दिवसासाठी आची त्रेझ्झा. कातानियाजवळ, सिटी बस जाते. समुद्रातनं वर आलेले काळे सुळके आहेत, दंतकथेत एकडोळ्या राक्षसानं पळणाऱ्या जहाजावर फेकलेले दगड ते हेच म्हणतात. त्यात दगडाचे बहुकोनी खांब दिसतील, लाव्हा निवताना आकसतो आणि तळ्यातला चिखल वाळून भेगा पडाव्यात तशा भेगा पडत खोल जातात, त्याचे हे खांब. शेजारी आची कास्तेल्लोचा किल्ला ज्या खडकावर आहे तो पाण्याखाली थिजलेला लाव्हा आहे, उशांसारखे गोल गोळे एकावर एक. सासूबाईंना किनाऱ्यावर बाकडी आहेत, ग्रानिता (बर्फाचा गोड पदार्थ) खात बसता येईल.

कारवारची_गौरी

मी थोडं वेगळं मत देते, राग मानू नका. सासूबाईंचा विचार केला तर सँटोरिनी अगदीच सोडून देण्यासारखं नाही. अक्रोतिरी म्हणून गाव आहे तिथं, साधारण ३६०० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाच्या राखेत गाडलं गेलं, १९६७ पासनं खणून काढलं. सगळ्यावर मोठं छप्पर आहे, लाकडी वाटेनं फिरायचं, व्हीलचेअर पण जाते. रांजण जागच्या जागी आहेत, दोन-तीन मजली घरांचे जिने, खिडक्या, गटारं सगळं. आणि माणसांचे सांगाडे सापडले नाहीत, धक्के सुरू झाले तेव्हाच लोक गाव सोडून गेले असणार. मला एटनापेक्षा तेच जास्त भिडलं, कारण ती घरं बघून आपलीच आठवण येते, कुठं धान्य ठेवलं होतं, कुठं जातं होतं.

पण बाकीचं बेट म्हणजे पायऱ्या. मुख्य गावं कड्याच्या टोकाला. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तिथं महिनाभर भूकंपाचे धक्के बसत होते, हजारो लोक बेट सोडून गेले होते, नंतर शांत झालं. मुलाला धूर आणि आग बघायची असेल तर तिथं ते नाही, शेवटचा उद्रेक १९५० चा. त्यामुळं तुमच्या घरासाठी मी पण सिसिलीच म्हणेन, फक्त दिरांचं अगदीच चूक नव्हतं एवढं सांगायचं होतं.

स्ट्रॉम्बोलीबद्दल मात्र नीट ऐका. आम्ही समुद्राकाठची माणसं, लाटेची सवय आहे, तरी त्या बोटीत आमच्यातल्या निम्म्यांनी माना टाकल्या. मिलाझ्झो बंदरातनं बोटी जातात, स्ट्रॉम्बोली हे सिसिलीच्या उत्तरेच्या एओलियन बेटांपैकी एक लांबचं बेट, जलद बोटीनं सुद्धा तासन् तास. दर दहा-वीस मिनिटांनी विवरातनं लाल फवारा उडतो, शेकडो वर्षं तसंच चालू आहे म्हणून खलाशी त्याला भूमध्याचा दीपस्तंभ म्हणायचे. जुलै २०१९ मध्ये मोठा स्फोट होऊन एक गिर्यारोहक गेला, त्यानंतर शिखरावर जाणं बंद, चढायचं तर ठरावीक उंचीपर्यंतच. पण खरी मजा बोटीतनंच आहे. संध्याकाळी बोट बेटाच्या मागच्या अंगाला नेतात, आगीची घसरण म्हणतात तो काळा उतार समोर, इंजिन हळू करतात आणि सगळे गप्प होऊन वाट बघतात. आधी लाल उजेड दिसतो, आवाज नंतर येतो. मग दगड उतारावरनं घरंगळत पाण्यात पडतात ते ऐकू येतं.

माझं म्हणणं असं की मोठ्याला आणि बाबाला एक दिवस जाऊ द्या, तुम्ही, धाकटं आणि सासूबाई कातानियातच राहा. रात्री परतायला उशीर होतो म्हणून त्या दोघांनी मिलाझ्झोत मुक्काम करावा. आणि समुद्र खवळला तर बोट रद्द होते, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

अनगोळची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचं लिहिलेलं मुलाला वाचून दाखवलं, तो आत्ताच जांबोटीला चला म्हणतोय. कारवारच्या ताई, बापलेकांना वेगळं पाठवायची कल्पना मला सुचलीच नव्हती, सगळ्यांनी सगळीकडं एकत्र जायचं असंच डोक्यात होतं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या मला बोटीत बसवू नका, मला धूर दिसला म्हणजे झालं.

सिसिली पक्की. आता व्हिसा आणि जेवण यावर कुणीतरी सांगा.

भालकीचा_भाऊ

ताई, मी बिदरकडचा, आमचे आई-वडील पण शुद्ध शाकाहारी, त्यामुळं ह्या दोन्ही गोष्टी मी सांगतो.

व्हिसा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो तो), प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो, आणि सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळत नाहीत म्हणून जेवढं लवकर तेवढं बरं. नियमानं पंधरा दिवसांत निकाल, पण लांबलं तर ४५ दिवस लागू शकतात. मोठ्यांना ९० युरो, तुमच्या दोन्ही मुलांना ४५ युरो, व्हिसा सेंटरचे पैसे वेगळे. बाराच्या आतल्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, तुम्हा तिघांना मात्र स्वतः जावं लागणार. मेडिकल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा लागतो. आपल्या भागातल्या लोकांचं खरं काम पुढं आहे: जमिनीचा उतारा, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले बऱ्याचदा कन्नडमध्ये असतात, त्यांचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घ्या. आणि सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आत्ताच बघा. आमच्याकडं वडिलांचं नाव पहाणीवर (जमिनीच्या उताऱ्यावर) एक आणि पासपोर्टवर एक होतं, ते सरळ करण्यातच बराच वेळ गेला.

जेवणाची काळजी करू नका, सिसिलीत शाकाहारी माणूस मजेत राहतो. कातानियाची पास्ता अल्ला नोर्मा मागा, तळलेलं वांगं, टोमॅटो, वर किसलेलं खारट रिकोत्ता चीज. आमच्या आईला वांग्याची भाजी आवडते, तिनं तीच रोज खाल्ली. कापोनाता म्हणजे वांगं-ऑलिव्हची आंबटगोड भाजी, ती पण छान. सुका पास्ता बिनअंड्याचा असतो, ताज्या पास्त्यात अंडं असतं बऱ्याचदा, ग्रानिताबरोबर देतात त्या ब्रिओश पावात पण असतं, म्हणून ग्रानिता नुसता घ्या, बदामाचा किंवा पिस्त्याचा. भाताचे तळलेले गोळे मिळतात, आरांचिनी, त्यात पालकाचा विचारून घ्या, लोण्याचा म्हणतात त्यात हॅम घालतात. चीजसाठी दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असू शकतं, सासूबाईंना त्याचं काय वाटतं ते आधी विचारून ठेवा. वेटरला सांगायचं वाक्य पाठ करा: सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा, म्हणजे मांस, मासे, अंडी नकोत.

बरोबर शेंगाचटणी, चिवडा, मेतकूट न्या. कुंदा मात्र घरी ठेवा, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरनं युरोपात न्यायला बंदी आहे, आंबे पण अडवतात. २५ एप्रिल आणि १ मे ला तिथं सार्वजनिक सुट्टी असते, त्या दिवशी डोंगरावर जाऊ नका, स्थानिक लोकांचीच झुंबड असते.

खानापूरचा_प्रवासी

दोन गोष्टी राहिल्या होत्या. राख पडली की कातानियाचा विमानतळ कधी कधी काही तास बंद होतो, म्हणून परतीच्या दिवशी रोमला उतरून लगेच दुसरं विमान असं धरू नका, एक रात्र रोमला ठेवा. आणि जाताना जमलं तर रोमहून कातानियाला रेल्वेनं जावा. इटली आणि सिसिलीच्या मधल्या सामुद्रधुनीवर पूल नाही, रेल्वेच जहाजात चढते. डबे तोडून दोन-तीन तुकड्यांत जहाजाच्या पोटातल्या रुळांवर ढकलतात, मग तुम्ही जिन्यानं वर डेकवर येऊन मेस्सिनाचा किनारा जवळ येताना बघायचा. मुलं खुळी होतात बघा. दिवसभराचा प्रवास आहे, सासूबाईंना झेपत नसेल तर तुम्ही आणि त्या दोघी विमानानं या.

आणि मे महिना म्हणून फसू नका, खाली उन्हाळा असला तरी वर बर्फ असू शकतो. जाकीट आणि बूट रोपवेपाशी भाड्यानं मिळतात, मुलांच्या मापाचे असतील असं धरून चालू नका, त्यांचे घरनंच न्या, बंद आणि घोट्याच्या वर येणारे, नाहीतर ती काळी खडी आत जाऊन पायाला टोचते. सासूबाईंसाठी कानटोपी आणि काठी.

अनगोळची_सून

काठी त्या घेणार नाहीत पण मी बॅगेत टाकते. रेल्वे जहाजात चढते हे ऐकल्यावर धाकटीचा ज्वालामुखीतला रस संपलाय आणि ती आता रेल्वेनंच जायचं म्हणून बसली आहे, त्यामुळं आम्ही पाचहीजण रेल्वेनंच जाऊ असं दिसतंय. कन्नड दाखल्यांचं काम ह्या आठवड्यात काढते. एप्रिलच्या शेवटी निघून १ मे टाळून डोंगराचे दिवस ठेवतेय, तारखा हातात आल्या की इथंच टाकीन, काही चुकत असेल तर सांगा.